जुन्याच फिल्टरला रंग मारला आणि माझ्या इंजिनाची वाट लावली

सरळच सांगतो. ट्रकचं ऑइल बदलायला दिलं होतं. बिलात तीन नवे ऑइल फिल्टर आणि 40 लिटर ऑइल लावलं होतं. प्रत्यक्षात एकही फिल्टर काढलेला नव्हता. जुनेच पुसले आणि वरून रंग मारला. मला हे कळलं ते 31,400 किलोमीटरनंतर, इंजिनातून ठकठक यायला लागल्यावर. तोवर बेअरिंग गेली होती, क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, ओरखडे पडले होते. गाडी 19 दिवस उभी राहिली आणि इंजिनाचा खर्च त्या सर्व्हिसिंगच्या बिलाच्या 46 पट आला.

लिहायला लाज वाटते, कारण मी या कामात नवखा नाही. अकरा वर्षं माझ्या गाडीचं ऑइल मीच बदलत आलोय. त्या वेळी उजव्या खांद्याला मार लागला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. गाडीखाली झोपून पट्ट्याचा पाना ओढणं शक्यच नव्हतं आणि किलोमीटर तर भरले होते. मागच्या वेळी 2,46,300 ला बदललं होतं, काटा 2,86,500 वर गेला होता. पुढे ढकलणं इंजिनाला बरं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा बाहेर दिलं. आता लोक म्हणतात, आणखी आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं. बोलणाऱ्याचं काय जातं?

गॅरेज मोठं, जमीन स्वच्छ, पोरांच्या अंगावर सारखे कपडे. ड्रेन बोल्ट माझ्यासमोरच काढला. इंजिन गरम होतं, काळं ऑइल धारेनं ट्रेमध्ये पडताना मी पाहिलं. मग मला कागद पुरे करायला वर बोलावलं. गाडीचा नंबर, किलोमीटर, मागची सर्व्हिसिंग, पुढची सर्व्हिसिंग, सगळं दोन-दोनदा विचारलं. 25 मिनिटं गेली. खाली आलो तर तीन फिल्टर चकाचक आणि शेजारी तीन कोरे रिकामे खोके मांडून ठेवलेले. खोके अस्सल होते, त्यातले फिल्टर कुठे गेले ते त्यांनाच माहीत. कुणी कागदासाठी हाक मारली तर जाऊ नका. कागद गाडीपाशी आणायला सांगा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. बसवलेल्या फिल्टरच्या अंगावर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहायची मला सवय आहे. त्या दिवशीही मार्कर घेऊन वाकलो. टोक टेकवलं तर ते पुढे सरकेना, रंगात रुतल्यासारखं झालं. बोट लावलं तर बोटाला पांढरा रंग आला. ओला नव्हता, पण चिकट होता. कारखान्यातून आलेल्या फिल्टरचा रंग पक्का असतो, तो बोटाला लागत नाही. मी आजवर डझनांनी फिल्टर हाताळलेत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मेकॅनिक म्हणाला, "शेठ, इथं सगळ्याला ऑइल-ग्रीस लागलेलं असतं, हाताचा डाग असेल." आणि मी बोट चिंधीला पुसलं!

बोट पुसलं, दुसऱ्या फिल्टरला हात लावून पाहिलं नाही, तिसऱ्याकडे तर नीट बघितलंही नाही. रंगाचा वासही येत होता, पण गॅरेजमध्ये असायचाच असं मनाला समजावलं. खांदा ठणकत होता, माल वेळेत पोचवायचा होता. तरी खरं कारण वेगळं आहे: चार लोकांसमोर "हे फिल्टर जुने आहेत" म्हणायचं आणि ते नवे निघाले तर, याचा संकोच वाटला. त्या संकोचापायी इंजिन गेलं.

नोंदीसाठी त्याच वेळी मोबाइलवर एक फोटो काढला होता. आता तो मोठा करून बघतो तेव्हा संताप होतो. फिल्टर वर जिथे हेडला, म्हणजे तो ज्यावर आट्यांनी बसतो त्या भागाला, टेकतो तिथे रबरी रिंगपाशी एक बारीक रेघ दिसायला हवी. इथे रंग फिल्टरवरून थेट हेडच्या कडेपर्यंत गेलाय, सलग, कुठे तुटलेला नाही. आटे फिरवून बसवलेल्या वस्तूवर असा सलग रंग येईलच कसा? म्हणून गाडी देण्याआधी फिल्टर आणि हेड या दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ मार्करने मारून ठेवा. परत घेताना ती रेघ तशीच सलग दिसली, तर फिल्टरला कुणी हातही लावलेला नाही.

ऑइलचा हिशेबही डोळ्यांसमोर होता. माझ्या इंजिनात फिल्टर धरून 36 लिटर ऑइल बसतं. बिल 40 लिटरचं, 20 लिटरच्या दोन बादल्या. उरलेले 4 लिटर कुठे आहेत, हे मी विचारलंच नाही. फिल्टर काढलेच नाहीत म्हटल्यावर त्यांच्यातलं आणि नळ्यांतलं साधारण 4 लिटर जुनं ऑइल आतच राहिलं. म्हणजे नवं गेलं जेमतेम 32 लिटर, आणि 8 लिटरचे पैसे मी फुकट मोजले. डीपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, मात्र बरोबर खूण दाखवत होती. ती कशी खोटी बोलेल, पातळी भरलेलीच होती! ऑइलच्या रंगावरही जाऊ नका. डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा थोडं चाललं की काजळीनं काळं होतं. बादलीचं सील तुमच्या हातानं तोडा. वर ग्रेड वाचा, मी सीके-4 (डिझेल ऑइलचा दर्जा), 15डब्ल्यू-40 (ऑइलचा जाडपणा) चे पैसे दिले होते. रिकाम्या बादल्या मोजा.

काही जण म्हणतात, फिल्टर एक वेळ नाही बदलला तर एवढं काय होतं? फिल्टरच्या आत घड्या घातलेला कागद असतो, तो काजळी आणि धातूचा कीस धरून ठेवतो. तो भरला की ऑइल पलीकडे जाईनासं होतं, आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढला की बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारी झडप, उघडतो. इंजिन कोरडं पडू नये म्हणून ती सोय असते. पण मग जे ऑइल बेअरिंगला जातं ते न गाळलेलं असतं. केबिनमध्ये कसलाही दिवा लागत नाही, गाडी ओढते, सगळं ठीक वाटतं. माझे फिल्टर 40,000 किलोमीटरवर बदलायचे होते, ते 71,600 किलोमीटर चालले.

दुसऱ्या गॅरेजमध्ये, जिथे गाडी ओढून न्यावी लागली, एक म्हातारे मिस्त्री होते. मी त्यांना म्हणालो, "काका, फिल्टर तर नवेच आहेत." ते काही बोलले नाहीत. फिल्टरच्या पोटावर नख लावलं आणि रंगाचा पापुद्रा उचलला. तेलकट पत्र्यावर मारलेला रंग धरत नाही, तो सोललाच. खाली काळ्या मार्करची अक्षरं होती. 2,46,300. माझं अक्षर. माझाच मोडक्या पायाचा 4. मला उभं राहवेना.

काकांनी आधी आहे तसे फोटो काढायला लावले, मग पाना लावला. त्यांनी नवे फिल्टर बसवले तेव्हा मी शेजारून हललो नाही. काम असं असतं ते बघा. जुना फिल्टर सुटला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे पहिलं बघायचं. ती हेडला चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी रिंग बसली, तर दाब आला की ऑइल बाहेर फेकलं जातं आणि रस्त्यात इंजिन कोरडं पडतं. काकांनी हेडच्या कडेवरून चिंधी फिरवून वर बोटही फिरवलं. नव्या रिंगला स्वच्छ ऑइलचा हात लावला, हातानंच फिरवत नेलं, रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापलंय तेवढंच आवळलं. आमच्या फिल्टरवर पाऊण फेरा छापलाय. पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही. पान्यानं आवळणारा पोरगा दिसला तर तिथेच थांबवा.

फिल्टर आधी ऑइलनं भरून लावावा की कोरडा, यावर इंजिन बनवणाऱ्यांचे नियमच वेगवेगळे आहेत. तुमच्या इंजिनाचं पुस्तक बघा. भरायचाच असेल तर कडेच्या लहान भोकांतून भरा. मधलं मोठं भोक ही गाळून झालेल्या ऑइलची वाट आहे, तिथून ओतलेला कचरा थेट बेअरिंगला जातो. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं मागा. इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा चढेपर्यंत रेस देऊ देऊ नका. मग बंद करून, थोडं थांबून, डीपस्टिक पुन्हा बघा.

काकांनी दोन जुने फिल्टर कापून कागद पसरला. घड्या डांबरासारख्या चिकटलेल्या आणि त्यात चमकणारा कीस. ऑइलचा नमुना तपासायला दिला, शिसं आणि तांबं वाढलेलं आलं, म्हणजे बेअरिंगचा थर जात होता.

इतका पुरावा हातात असताना न्याय मिळायला वेळ लागणार नाही असं मला वाटलं होतं. पोलीस ठाण्यात पहिल्याच वाक्याला थांबवलं: हा व्यवहाराचा वाद आहे, इथे नाही. जुनी वस्तू रंगवून नवी म्हणून बिल लावणं हा व्यवहाराचा वाद? मग फसवणूक कशाला म्हणतात? विमावाल्यांनी झीज आहे म्हणून हात झटकले. इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडे गेलो तर ऑइल बाहेर बदललं म्हणून तिथेही दार बंद. फिल्टर कंपनीनं खोक्यावरचा बॅच नंबर मागितला. खोके मी त्याच गॅरेजमध्ये टाकून आलो होतो. तुम्ही ती चूक करू नका. खोका घरी आणा, त्यावरचा नंबर आणि फिल्टरवरचा नंबर ताडून बघा.

ग्राहक तक्रार कार्यालयात आजवर सात खेटे झाले. पहिल्यांदा अर्जाच्या प्रती कमी म्हणून परत. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले. तज्ज्ञ म्हणाला, इंजिन उघडण्याआधी आणायचं होतं, आता मी काय सांगू? गाडी बंद ठेवून मी तज्ज्ञाची वाट बघत बसायचं आणि हप्ता कुणी भरायचा? चौथ्या वेळी खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही स्वतः ड्रायव्हर आहात ना, मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मला हाच प्रश्न दिवसरात्र पडतो, पण तो विचारण्याचा हक्क त्याला नाही. ज्यानं रंगाचा डबा उघडला त्याला एकदाही बोलावलं नाही, आणि ज्याचं इंजिन गेलं त्यालाच लक्ष का नव्हतं म्हणून विचारायचं! गॅरेजनं लेखी उत्तर दिलंय, तेही एका ओळीचं: सदर फिल्टर आमच्याकडून बसवलेले नाहीत. बरोबरच आहे. बसवलेच नव्हते. तीच तर माझी तक्रार आहे, आणि हेच वाक्य मी त्यांच्या बिलाशेजारी ठेवून दाखवलं, तरी पुढची तारीख मिळाली.

आणखी एक. जुने फिल्टर तुमचे आहेत, ते मागून घ्या. गरज नसेल तर पत्र्याला भोक पाडूनच टाका, नाहीतर ते रंगून दुसऱ्याच्या गाडीला लागतील. आणि माझ्यासारखं होऊ नये म्हणून, भांडण होणार असेल तर काही कापू नका.

सातव्या खेपेला मला सांगण्यात आलं की कापलेले फिल्टर पुरावा म्हणून चालणार नाहीत, मूळ स्थितीतला हवा. तिसरा, मागच्या बाजूचा बायपास फिल्टर (थोडं थोडं ऑइल वेगळं घेऊन जास्त बारीक गाळणारा) मी कापलेला नाही. रंग अर्धा सोललाय, खाली माझी तारीख दिसते. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून सीटमागे ठेवलाय. पुढच्या तारखेला तो घेऊन जातोय.