जिप्सीचा कार्ब्युरेटर ठेवावा की फ्युएल इंजेक्शन बसवावे?

मारुतीने 1996 मध्ये जिप्सी किंग आणली तेव्हा तिच्या बॉनेटखाली 1298 सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, कार्ब्युरेटरवर चालणारे जी13बीए इंजिन होते आणि त्याची ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर होती. 2000 साली देशभर उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाल्यावर त्याच गाडीत सोळा व्हॉल्व्हचे जी13बीबी हे एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे, इंजिन आले, ताकद 80 वर गेली आणि बाकी गाडी जवळजवळ होती तशीच राहिली. म्हणूनच या चार वर्षांतल्या जिप्सी बाळगणाऱ्यांना प्रश्न पडतो, की कंपनीने स्वतः करून दाखवलेला बदल आपण आपल्या गाडीवर का करू नये? प्रश्न रास्त आहे, पण गॅरेजात चहाच्या कपाबरोबर मिळते तितके त्याचे उत्तर सोपे नाही. 1985 पासूनच्या 970 सीसीच्या जिप्सीचा विचार इथे बाजूला ठेवतो, कारण तिला हे इंजिन द्यायचे तर गिअरबॉक्सही सोबत घ्यावा लागतो आणि मग सगळा हिशेबच वेगळा होतो.

खर्चाचा विचार सुरू करण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यावर गेजवर दर चौरस सेंटिमीटरला 14 किलोच्या आसपास आकडा आला तर इंजिन धडधाकट आहे. तो 12 च्या खाली गेला किंवा दोन सिलिंडरमधला फरक एका किलोहून जास्त निघाला, तर दुखणे पिस्टनच्या रिंगांत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे आणि पेट्रोल कोणत्याही वाटेने आत सोडले तरी ते बरे होणार नाही. ‘कार्ब गेला’ असे मिस्त्रीने सांगितलेल्या गाड्यांत मूळ दोष कितीदा तरी चिरलेल्या व्हॅक्यूम नळीत, डिस्ट्रिब्युटरच्या फाटलेल्या डायफ्रॅममध्ये किंवा कार्बच्या बुडाखालच्या सुकलेल्या गॅस्केटमध्ये सापडतो.

कार्ब्युरेटर कुठे कमी पडतो

कार्ब्युरेटरमध्ये व्हेंच्युरीतून, म्हणजे मधल्या अरुंद गळ्यातून, वेगाने जाणारी हवा बाऊलमधले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून खेचून घेते. बाऊलमधली पातळी फ्लोट हा तरंगणारा तुकडा आणि नीडल ही पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई राखतात, आणि ती गाडी सपाटीवर उभी आहे असे धरून ठरवलेली असते. डांबरी रस्त्यावर हे गृहीतक खरे ठरते, डोंगरात ते मोडते. मुळशीच्या पलीकडे एका लाल मातीच्या चढावर माझी 1998 ची जिप्सी नाक वर करून उभी असताना इंजिन आधी जड झाले, मग मागून काळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. बॉनेट उघडले तर एअर फिल्टरच्या डब्यातून कच्च्या पेट्रोलचा भपका येत होता आणि फिल्टरचा कागद एका बाजूने ओला झाला होता. फ्लोट कलंडल्यामुळे नीडल उघडी राहिली होती आणि पंप ढकलत होता ते सगळे पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यात, उतरत होते. तिथे करण्यासारखे एकच होते. चाकांमागे दगड लावायचे, वास ओसरेपर्यंत थांबायचे आणि अॅक्सिलरेटर न पंपता तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर मारायचा.

पुण्याला आल्यावर नवी नीडल बसवली, फ्लोटची पातळी थोडी खाली घेतली आणि बाऊलच्या व्हेंटला नळी जोडून तिचे तोंड उंचावर नेले. त्यानंतर त्याच चढावर गाडी एकदा अडखळली, पण बंद पडली नाही. हा सगळा उद्योग एका दुपारचा होता. सांगायचे कारण असे, की इंजेक्शनच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या युक्तिवादांत चढावर बंद पडण्याचा मुद्दा सर्वांत जोरकस असतो. तो खराही आहे, पण त्यातला बराचसा भाग नीट जुळवलेला कार्ब स्वतःच भरून काढतो.

उंचीचा मुद्दा मात्र आपल्याकडे उगाच मोठा केला जातो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटरचे आहे आणि गाडीरस्ते त्याच्याही खालीच राहतात. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना हवा जेमतेम आठव्या हिश्शाने विरळ होते, मिश्रण थोडे गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते आणि गाडी किंचित सुस्तावते, इतकेच. लडाखचे बेत असतील तर गोष्ट वेगळी, कारण खारदुंग ला खिंडीत 5359 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे 40 टक्क्यांनी कमी असते आणि मैदानात जुळवलेला कार्ब तिथे धूर ओकत, धापा टाकत चालतो. इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे ताकद गेली तरी मिश्रण बिघडत नाही.

मला स्वतःला आज याहून महत्त्वाचा वाटतो तो पेट्रोलचाच मुद्दा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, तर 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती सुमारे 13.5 भागच लागते. कार्बच्या जेटचे छिद्र ठरलेले असल्यामुळे तो पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो आणि इंजिन सात-आठ टक्के पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या, मिश्रणावर चालते. थंड इंजिन दचके देते, पिकअप घेताना क्षणभर पोकळी जाणवते आणि लांबच्या चढावर तापमान वाढते. मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा केला की हे सावरते. इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि ईसीयू ती आपोआप भरून काढतो. रबराच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि सील यांचे मात्र दोन्हीकडे सारखेच हाल होतात, त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या काहीही ठरवले तरी घालाव्याच लागतात.

इंजेक्शनच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे एमपीएफआय जिप्सीचे अख्खे इंजिन बसवणे. गिअरबॉक्सशी ते जुळते, जागेत बसते, वागणूक कंपनीची असते आणि सुटे भाग बहुतेक ठिकाणी मिळतात. अट एकच, की जे घ्यायचे ते एकाच गाडीतून, पूर्ण आणि न कापलेले घ्यावे. त्यात इंजिनाबरोबर ईसीयू, त्याचे वायरिंग हार्नेस सर्व कनेक्टरांसह, पंप असलेली टाकी, दाबाच्या आणि परतीच्या नळ्या, फिल्टर, सेन्सरसह एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, एअर फिल्टरचा डबा आणि अॅक्सिलरेटरची केबल हे सगळे आले. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात इंजिन मिळते, पण हार्नेस बहुधा डॅशबोर्डपाशी कटरने छाटलेले असते, आणि एकाच रंगाच्या चार-चार तारा जोडत बसण्यात जे आठवडे जातात त्यांचा हिशेब खरेदीच्या वेळी कोणीच धरत नाही. मारुतीच्याच एस्टीम या मोटारीचे इंजिन स्वस्त मिळते म्हणून ते घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की एस्टीममध्ये ते आडवे बसते आणि जिप्सीत उभे. त्यामुळे खालचा ऑइल संप, माउंटिंग, मॅनिफोल्ड आणि पाण्याच्या नळ्यांची जुळवाजुळव करावीच लागते.

या इंजिनाचा स्वभावही वेगळा आहे. त्याचे 103 न्यूटन-मीटर टॉर्क 4500 फेऱ्यांवर मिळते, म्हणजे हायवेवर आणि वाळूत ते आनंदाने पळते. पण फोर-व्हील ड्राइव्हच्या लो-रेंज या सर्वांत संथ गिअरमध्ये दगडांवरून इंच इंच सरकताना आठ व्हॉल्व्हचे जुने इंजिन मला अजूनही अधिक समजूतदार वाटते. 80 चा आकडा पाहून भुलणाऱ्यांनी आधी दोन्ही गाड्या चालवून पाहाव्यात.

दुसरी वाट कार्बच्या जागीच थ्रॉटल बॉडी बसवण्याची, जिच्यात इंजेक्टर वरच्या तोंडाशी असतो आणि मॅनिफोल्ड जुनाच राहतो. अमेरिकेत सामुराई या नावाने विकल्या गेलेल्या याच गाडीला सुझुकीने शेवटच्या वर्षांत अशीच यंत्रणा दिली होती. सुरू होण्यात आणि चढावर टिकण्यात फरक पडतो, ताकदीत नाव घेण्याजोगा नाही. पेट्रोल मॅनिफोल्डच्या लांब वाटेने जात असल्यामुळे त्याला गरम पाण्याची जी वाट दिलेली असते ती कोणाच्या सल्ल्याने बंद करू नये, नाहीतर थंडीत मिश्रण भिंतींवरच चिकटून राहते. बाजारातले आयते किट मात्र बहुतेक मोठ्या इंजिनांसाठी बेतलेले असतात. जबलपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली 3956 सीसीची, सहा सिलिंडरची जोंगा ही लष्करी जीप कोणाकडे असेल तर त्याला मी हीच वाट सुचवीन, 1.3 लिटरच्या इंजिनाला ते किट म्हणजे मुलाच्या अंगात बापाचा कोट.

तिसरी वाट आहे स्वतंत्र ईसीयूची. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा ईसीयू घेऊन आपल्याच इंजिनावर इंजेक्टर बसवायचे, क्रँकला दात्यांचे चाक लावायचे आणि लॅपटॉपवर इंधनाचा नकाशा स्वतः भरायचा. ज्याला हे करण्यातच गोडी आहे त्याने जरूर करावे. प्लगच्या तारांमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाने ईसीयूची मोजणी चुकते, म्हणून रेझिस्टर प्लग आणि त्याच जातीच्या तारा घालणे इथे भाग असते. ते न केल्यामुळे आठवडाभर सेन्सर बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर ही वाट धरू नये.

टाकीकडे कोणी पाहत नाही

कार्बला पेट्रोल पाव बारच्या आसपासच्या दाबाने लागते आणि ते काम इंजिनावरचा छोटा यांत्रिक पंप करतो. एमपीएफआयला अडीच-तीन बार दाब लागतो. जुन्या नळ्या आणि स्क्रूचे साधे क्लिप या दाबाखाली भरवशाचे राहत नाहीत, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालेली पेट्रोलची पिचकारी म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून नळ्या इंजेक्शनसाठीच्याच घ्याव्यात आणि अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबेल असा रिले बसवावा.

दुसरी बाब लोकांना चढावर कळते. कार्बचा बाऊल डोंगरात त्रास देतो हे खरे, पण तोच बाऊल लहानशा साठ्याचेही काम करतो आणि टाकीतला पाइप क्षणभर उघडा पडला तरी इंजिनाला ते जाणवत नाही. इंजेक्शनच्या नळीत हवा शिरली की इंजिन तत्क्षणी गप्प होते. माझ्या एका मित्राने जुन्याच टाकीला बाहेरून इलेक्ट्रिक पंप जोडून बाकी सगळे काम देखणे केले होते. टाकी भरलेली असेपर्यंत गाडी झकास चालली. अर्धी झाली, आणि कार्ब असताना जिथे ती कधी थांबली नव्हती त्या तिरक्या उतारावर बंद पडू लागली. बॉनेटखालचा दोष मागच्या सीटखाली जाऊन बसला होता. शेवटी सर्ज टँक, म्हणजे पंपासाठी कायम भरलेली राहणारी छोटी जादा टाकी, आणि आणखी एक पंप घालावा लागला, म्हणजे मूळ एमपीएफआय टाकी न घेण्यात वाचवलेले पैसे तिथे गेलेच.

रस्त्यावर आणि आरटीओत

कार्ब बिघडला तरी बहुधा गाडीला घरी आणतो. जेटमध्ये कचरा अडकला तर स्क्रूड्रायव्हर, थोडे पेट्रोल आणि तोंडाची फुंकर यांवर भागते, आणि तालुक्याच्या गावी साठीतला एखादा मिस्त्री अजून भेटतोच. इंजेक्शन बिघडते क्वचित, पण क्रँक सेन्सर किंवा पंप गेला तर जागचे हलता येत नाही. शिवाय भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती 2010 नंतरची असल्यामुळे जुन्या एमपीएफआय जिप्सीला आजचा कोणताही स्कॅनर लावला आणि दोष वाचला, असे होत नाही. सोबत एक पंप, एक रिले आणि मल्टिमीटर ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पीयूसीसाठी हा बदल करण्याची गरज नाही. भारत स्टेज 2 या उत्सर्जन निकषांच्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगवर 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 1500 पीपीएम हायड्रोकार्बनची मुभा आहे आणि नीट जुळवलेला कार्ब त्यात आरामात बसतो. इंजिन बदलणे मात्र कागदोपत्री मोठी गोष्ट आहे. इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे आरटीओची परवानगी कामाच्या आधी घ्यावी आणि ज्या गाडीतून इंजिन घेतले तिची कागदपत्रे, खरेदीची पावती जपून ठेवावी. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला चेसिस आणि इंजिन नंबर तपासले जातात, आणि तिथे नंबर जुळला नाही तर विम्यापासून विक्रीपर्यंत सगळेच अडते.

एवढे सगळे पाहता, महिन्यातून दोन-तीनदा सह्याद्रीत फिरणाऱ्या आणि एरवी झाकून ठेवलेल्या जिप्सीला मी कार्बच ठेवीन. तो पूर्ण खोलून नव्या किटने बांधीन, जेट इथेनॉलला जुळवीन आणि उरलेल्या पैशांत टायर घेईन. ज्याची गाडी रोज चालते, वर्षातून एकदा हिमालयात जाते, आणि ज्याला कागदपत्रांसह पूर्ण एमपीएफआय गाडी समोर चालताना पाहून विकत घेता येते, त्याने पहिली वाट निःशंक धरावी. अर्धे सामान मिळाले आणि उरलेले ‘बघू नंतर’ अशी स्थिती असेल तर काम सुरूच करू नये.

आणि बदल केलाच, तर काढलेला कार्ब भंगारात देऊ नये. बाऊल रिकामा करून, तोंडे टेपने बंद करून, मॅनिफोल्ड, यांत्रिक पंप आणि डिस्ट्रिब्युटरसह तो एका खोक्यात ठेवावा. जुने इंजिनही शक्य असेल तर ठेवावे, कारण जळालेला ईसीयू महिनाभर मिळाला नाही तर गाडी पुन्हा चालती करायला तेच खोके उघडावे लागते.