‘रेड ड्वार्फ’चं पुनरागमन : २००९ चं की २०१२ चं?

बीबीसीवर १९९९ मध्ये थांबलेली ‘रेड ड्वार्फ’ ही अवकाशयानावर घडणारी ब्रिटिश विनोदी मालिका डेव्ह या टीव्ही वाहिनीने दोनदा परत आणली. माझं मत ठामपणे २०१२ ला. २००९ मधले ‘बॅक टू अर्थ’चे तीन भाग दिसायला देखणे, पण स्टुडिओत प्रेक्षक नाहीत, विनोद झाला की नुसती शांतता. २०१२ च्या दहाव्या सीझनमध्ये मालिकेचे लेखक-दिग्दर्शक डग नेलर यांनी प्रेक्षक परत बसवले आणि मालिकेत जीव आला. यानावरचा नायक लिस्टर दारूच्या नशेत स्वतःचाच बाप बनून स्वतःला झापणारा निरोप रेकॉर्ड करतो, तो भाग तर बघाच! एकाच जागी अडकलेली, एकमेकांना सहन न होणारी माणसं ही उत्तम ब्रिटिश सिटकॉमची जुनी ताकद. इथे क्रेग चार्ल्स (लिस्टर) आणि ख्रिस बॅरी (त्याचा सहकारी रिमर) यांची जुगलबंदी पुन्हा रंगते.