लेगो क्लासिकचा मोठा बॉक्स, वर्षभर खेळून झाल्यावर

लेगो म्हणजे एकमेकांत अडकवायचे प्लास्टिकचे ठोकळे. त्यातला 790 तुकड्यांचा लेगो क्लासिकचा मोठा बॉक्स लेकीसाठी घेतला त्याला आता वर्ष झालं. मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण बॉक्स फोडल्या दिवशी सगळीच खेळणी भारी वाटतात, नव्याचे नऊ दिवस संपले की खरं काय ते कळतं. आमच्याकडे हा बॉक्स अजून माळ्यावर गेलेला नाही, रोज संध्याकाळी जमिनीवर ओतला जातो.

मला मुख्य सांगायचंय ते पकडीबद्दल. आधी आम्ही दुसऱ्या एका कंपनीचे स्वस्तातले ब्लॉक्स आणले होते, दिसायला सेम टू सेम. त्यातले काही इतके घट्ट की पोरगी दातांनी सोडवायची आणि काही इतके सैल की सात-आठ थर चढले की मनोरा कलायचा आणि धाडकन खाली. मग रडारड, मला जमतच नाही म्हणायची. तिला जमत होतं हो, ठोकळ्यांनाच पकड नव्हती.

लेगोचा साधा दोन बाय चारचा, म्हणजे वर दोन ओळींत चार-चार गोल उंचवटे असलेला ठोकळा घ्या आणि उलटा करून बघा. आत तीन पोकळ नळ्या दिसतील. खालच्या ठोकळ्यावरचे गोल उंचवटे या नळ्या आणि बाजूच्या भिंती यांच्यामधे जाऊन बसतात, प्रत्येकाला तीन ठिकाणी टेकू मिळतो आणि बोटाला बारीकसा टक् जाणवतो. लहान मुलाच्या बोटांनी सहज बसतं, पण ओढल्याशिवाय सुटत नाही.

आणि या तीन नळ्यांपर्यंत पोचायला लेगो कंपनीला 9 वर्षं लागली! 1949 मधे पहिले प्लास्टिकचे ठोकळे काढले ते आतून पूर्ण पोकळ होते, एकावर एक बसायचे पण धरून राहायचे नाहीत, फारसे खपलेही नाहीत. नळ्यांच्या डिझाइनसाठी पेटंटचा अर्ज केला तो 28 जानेवारी 1958 ला. हे मी शोधून वाचलं तेव्हा मी स्वतः सुरू केलेलं काम बंद करून घरी बसलो होतो, त्यामुळे वाचत वाचत पार मागे गेलो.

कंपनी काढणारा ओले कर्क क्रिस्टियानसेन हा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार. 1924 मधे पोरांच्या हातून वर्कशॉपमधल्या लाकडाच्या भुशाला आग लागली, वर्कशॉप आणि राहतं घर दोन्ही गेलं. पुन्हा बांधलं. मग जागतिक मंदी आली, गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, त्यांच्याच हातात पैसा नाही म्हटल्यावर बांधकामं थांबली. 1932 मधे बायको गेली, पदरात चार मुलगे. त्याच वर्षी हा माणूस शिड्या, इस्त्रीची टेबलं आणि लाकडी खेळणी करायला लागला. 1942 मधे कारखाना परत जळाला, परत उभा केला. मुलगा गॉटफ्रेडने एकदा लाकडी बदकांना रंगाच्या तीनऐवजी दोनच हात मारले आणि पैसे वाचवले म्हणून खुशीत सांगायला आला, तर बापाने त्याला स्टेशनवरून पेट्या परत आणायला लावल्या आणि राहिलेला हात मारायला लावला. मला ही गोष्ट आगीच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते, कारण पैशाची इतकी ओढाताण असताना तिसरा हात मारायला लावणं सोपं नाही. पुढे नळ्यांचा ठोकळा याच गॉटफ्रेडच्या काळात तयार झाला. ओले कर्क मात्र पेटंटच्या अर्जानंतर दोनेक महिन्यांतच वारला, वय 66.

आणि नंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. 1960 मधे लाकडी खेळण्यांचं गोदाम जळलं, तेव्हा लाकडाचं काम बंद करून पूर्ण ठोकळ्यांवर आले. 2003 च्या सुमारास तर कंपनी बुडायच्या बेतात होती, नको तितक्या गोष्टीत हात घातले होते, मग पसारा आवरला, तुकड्यांचे प्रकार कमी केले आणि पुन्हा ठोकळ्यावर लक्ष दिलं तेव्हा कुठे सावरले.

आता बॉक्सबद्दल. यात ठरलेलं एकच मॉडेल नाही, थोड्या आयडिया दिल्यात आणि बाकी तुम्ही ठरवा. ज्या मुलांना स्टेप बाय स्टेप करायला आवडतं त्यांनी दुसरा सेट बघावा, इथे ती कंटाळतील. पण एकाच रंगाचे दोन बाय चारचे फक्त सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, तेव्हा 790 मधे काय काय होईल बघा. महाग आहे हे खरं, तरीही मी परत हाच घेईन. घरात रांगतं बाळ असेल तर थांबा, तुकडे बारीक आहेत, तोंडात जातील. धुवायचे तर कोमट पाण्यात, वॉशिंग मशीनमधे अजिबात नको.

1958 चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो असं वाचलं होतं. तितका जुना कुठून आणणार, पण मित्राने त्याच्या लहानपणीची पिशवीभर लेगो दिली, तीसेक वर्षांपूर्वीची. बादलीत धुतली, टॉवेलवर वाळवली, पांढरे ठोकळे पिवळट पडलेत. लेकीने त्यातला एक उचलला आणि नव्या लाल ठोकळ्यावर दाबला, टक्, आणि पुढचा शोधायला लागली.