दांडिया बाजारातल्या वकील ताई, दिव्यांग मुलांच्या पालकांनी जायलाच हवं

मुलाला डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडचण) आहे आणि शाळेने परीक्षेत जास्त वेळ द्यायला सरळ नाही म्हटलं, म्हणून बहिणीने बडोद्यातच दांडिया बाजारात या ताईंकडे पाठवलं. तासभर बसवून नीट समजावलं हो, की 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे 7च प्रकार होते, आमच्या पोराचा त्रास त्यात नव्हताच, 2016 च्या कायद्यात 21 झाले तेव्हा कुठे तो आत आला. मग पिवळ्या हायलायटरने त्याच 2016 च्या कायद्यातल्या कलम 17 वर रेघ ओढली, जास्त वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं तिथे छापलेलं, मला रडूच आलं. सर्टिफिकेटवर किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण फुकट, हे कलम 31 मध्ये आहे, हेही तिथेच कळलं. सयाजीराव महाराजांनी 1906 ला राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच गावात एवढ्यासाठी भांडावं लागतं याचं फार वाईट वाटतं. शाळेला द्यायचा अर्ज ताईंनी गुजरातीत लिहून दिला, फी पण परवडणारी. फक्त ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, व्हीलचेअरवाल्यांनी आधी फोन करा, ताई खाली येऊन बोलतात.