बोअरचं पुनर्भरण: पाणी थेट सोडायचं की मुरवायचं?

परवा कवठेमहांकाळहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, उन्हाळ्यात बोअर नुसतं हवा फेकतंय. परतीच्या पावसाचं द्राक्षबागेतलं पाणी चारीनं थेट बोअरात सोडू का?"

अमेरिकेत केंटकीत मॅमथ केव्हच्या आसपास शेतातच मोठाले खड्डे आहेत. चुनखडीचा खडक पाण्यानं विरघळतो, खाली पोकळी होते, वरची जमीन खचते. शेतातलं शेण, खत, तणनाशक त्या खड्ड्यातून सरळ गुहेत आणि पुढं झऱ्यात. वाटेत गाळणारं फारसं काही नाही, म्हणून तिथं खड्ड्याभोवती गवताचा पट्टा राखायला सांगतात. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. पाणी मुरमातून, फटींतून वाट काढतं. पण साडेचारशे फुटांचं बोअर म्हणजे पैसे मोजून पाडलेला तसलाच खड्डा की!

थेट सोडण्यात खर्च कमी, आणि दोन-तीन पावसांत पातळी चढलेली दिसते. मोह तिथंच होतो. पण परतीचा पाऊस आणि ऑक्टोबर छाटणी गाठ घालूनच येतात. डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी, पानांवर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा, निळा थर. तेच धुऊन चारीत उतरतं. वर गाळानं फटी बुजल्या की बोअर कामातून गेलं.

"मग गाळणखड्डा करतो." जरूर करावा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या पाइपाभोवती, दगड, खडी, जाड वाळू, पाइपाच्या भोकांवर नायलॉनची जाळी. पण तो अडवतो गाळ. युरियातून होणारं नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं, ते वाळूतून आरामात निसटतं आणि उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा.

चर, बांध घालून मुरवलं तर मातीतल्या मुळांना आणि जिवाणूंना त्यातलं थोडंफार नत्र खायला सवड मिळते. सगळं नव्हे, खताचा हात सैल असेल तर मातीही हात टेकते. काम धिमं आहे आणि पहिला पाझर बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीला फुटेल. भावकीत हे पचायला जड, पण त्या बोअरचं पाणी घरात पितात म्हटल्यावर मी तरी हेच करीन.

बोअरला द्यायचंच तर घराच्या पत्र्याचं पाणी द्यावं, पहिला पाऊस वाहू देऊन, गाळणखड्ड्यातून. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानं ४६ हजार लिटर होतात. सांडलवंड धरून ३५-४० हजार हाती लागावं. बागेपुढं थेंबभर, पण स्वच्छ.

मेव्हणा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आणि कोपऱ्यातलं जुनं, बंद पडलेलं बोअर? त्याच्या तोंडाशीच आम्ही फवारणीचा ब्लोअर धुतो."

म्हटलं, चारीचं उद्या बघू. आज त्याला टोपण बसव.