माउसला हात न लावता: वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरबद्दल

मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि आमच्या वाचनालयाची वेबसाइट मीच सांभाळतो. कानाला हेडफोन, संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो माउसनेच खेचून जागेवर ठेवावा लागे. मजकूर माझा, पण दर वेळी भाचीला हाक मारायची, "हे जरा वर सरकव गं." तिची बारावी सुरू झाली आणि साइट तीन महिने तशीच पडून राहिली.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या ब्लॉक एडिटरकडे वळायला मी कचरत होतो. त्यात परिच्छेद, फोटो, हेडिंग असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक. डिसेंबर 2018 मध्ये तो आला तेव्हा स्क्रीन रीडर वापरणारे फार नाराज होते. पुढच्या वर्षी झालेल्या स्वतंत्र तपासणीत 91 अडचणी निघाल्या होत्या. आज मात्र मी त्यात एकट्याने काम करतो. शिफ्ट-ऑल्ट-ओ दाबलं की सगळ्या ब्लॉकची यादी उघडते. बाणांनी फिरायचं, हवा तिथे एंटर. कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-टी दाबलं की परिच्छेद एक पायरी वर जातो. भाचीचं काम ते हेच!

मराठीत लिहिणाऱ्यांना एक सांगतो. नवा ब्लॉक तिरक्या रेघेने मागवता येतो, हेडिंग दोन हॅश चिन्हांनी. पण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर तिरक्या रेघेच्या कळीवर 'य' आहे आणि हॅशच्या जागी रफार नव्हे, खालचा रकार. म्हणून आधी इंग्रजी कळफलकावर जायचं, मग परत यायचं. दिवसभरात हे पन्नासदा होतं.

वेबसाठी मजकूर तयार करायच्या सॉफ्टवेअरकरता एटॅग 2.0 हे 2015 चं मानक आहे. त्यात दोन अपेक्षा आहेत: अपंग माणसाला एडिटर वापरता यावा, आणि त्यातून तयार होणारं पानही सगळ्यांना वाचता यावं. पहिलीत हा एडिटर बराच पुढे आलाय. दुसरी अर्धवट आहे. अक्षरं पार्श्वभूमीत बुडत असतील तर तो सांगतो, हेडिंगची पातळी चुकली तरी दाखवतो. फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, नसलं तर मात्र न विचारता पान प्रकाशित होऊ देतो. ही सूचना त्यात यायलाच हवी.

वाचन प्रेरणा दिनाचे चाळीस फोटो कार्यकर्त्यांनी उत्साहाने चढवले, एकालाही वर्णन नाही. मला ऐकू येतात ते नुसते फाइलींचे आकडे. एकेकाला फोन करून "यात कोण आहे, काय करतंय?" असं विचारत सव्वीस फोटोंची वर्णनं लिहून झाली आहेत. चौदा उरलेत.