एअर कूलर, एआयओ की स्वतः बांधलेला वॉटर लूप: पैसे घालण्याआधी

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरच्या खोलीत साधा थर्मामीटर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. वॉटर कूलिंगबद्दल कुणी सल्ला विचारला की मी आधी हा आकडा विचारतो. पुण्यात पंख्याखाली तो ३३-३४ असेल, नागपूर-अकोल्याकडे ३८ सहज. चार हजारांचा एअर कूलर असो की लाखाचा लूप, यातलं काहीही चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पाणी उष्णता चिपपासून रेडिएटरपर्यंत नेतं, एवढंच. पुढे ती खोलीतल्या हवेतच जाते.

विदर्भात इथे गोंधळ होतो, कारण आपल्याकडे पाण्याचा कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा. त्यात पाण्याची वाफ होते, म्हणून हवा गार होते. पीसीतला लूप बंद असतो, त्यात वाफ होत नाही. त्यामुळे ५०० वॉट खाणारी मशीन पाण्याने थंड केली तरी खोलीत ५०० वॉटच सोडते. खोली तापते ही तक्रार असेल, तर लूपचे पैसे एसीत घाला.

आता तीन पर्याय. एअर कूलरमध्ये दोन पंखे, सहा-सात हीटपाइप आणि पत्र्यांचा ठोकळा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन किंवा नॉक्टुआचा एनएच-डी१५ हे ओळखीचे. एआयओ (ऑल-इन-वन) म्हणजे कारखान्यातून भरून, सील होऊन आलेला पंप, नळ्या आणि रेडिएटर. आणि कस्टम लूपमध्ये पंप, टाकी, ब्लॉक (चिपवर बसणारा धातूचा ठोकळा, ज्यातून पाणी फिरतं), रेडिएटर, नळ्या, फिटिंग सगळं वेगवेगळं घेऊन आपण जोडायचं.

फक्त सीपीयूसाठी विचार करत असाल, तर लूपचा नाद सोडा, असं मी स्पष्ट सांगेन. रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर गेम खेळताना साधारण ५० ते ८० वॉटच घेतो, त्याला चांगला एअर कूलर भरपूर होतो. मोठ्या प्रोसेसरचं गणित वेगळं आहे, पण निष्कर्ष फारसा बदलत नाही. रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण ताणाखाली २३० वॉटपर्यंत जातो आणि ९५ अंश गाठेपर्यंत स्वतःच वेग वाढवत राहतो. त्याची रचनाच तशी आहे. कूलर बदलला की तापमान तेच दिसतं, वेग जरासा वाढतो. उष्णता लहानशा चिपमधून वरच्या धातूच्या झाकणातून बाहेर यायची, आणि खरी अडचण तिथेच असते. त्यापुढे हवा आहे की पाणी, याने थोडाच फरक पडतो. त्यापेक्षा बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधला) १०५ वॉटचा इको मोड, म्हणजे प्रोसेसरची वीज कमी करणारी सोय, लावून पाहा. तो फुकट आहे. दिवसदिवस रेंडर (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्रं तयार करणं) चालत असेल तर ३६०चा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांचा, एआयओ घ्यायला माझी हरकत नाही.

लूपचं खरं काम ग्राफिक्स कार्डावर आहे. तिथे चिपवर झाकण नसतं, ब्लॉकचं तांबं थर्मल पेस्टमधून थेट तिला भिडतं. आरटीएक्स ४०९० ४५० वॉट घेतं, ५०९० ५७५. हवेवर सत्तरीच्या आसपास फिरणारं कार्ड योग्य आकाराच्या लूपवर पन्नाशीच्या आसपास येतं, आणि पंखे जेमतेम ऐकू येतात. हा आवाजातला फरक मला तापमानापेक्षा मोलाचा वाटतो. रात्री शेजारी लेकरू झोपलेलं असताना ज्याला काम करावं लागतं, त्याला तो लगेच कळेल.

शांतता कुठून येते, तेही सांगतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे ५०० वॉटचा पूर्ण मारा असूनही लूपमधलं लिटरभर पाणी अंशभर वाढायला आठेक सेकंद घेतं, आणि रेडिएटर चालू असल्याने प्रत्यक्षात बराच जास्त वेळ. एअर कूलरचे पंखे प्रत्येक फाइल उघडताना वर-खाली होतात, तसं इथे होत नाही. मात्र त्यासाठी पंख्यांचा वेग सीपीयूच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर ठेवायचा. पाण्यात बसवायचा सेन्सर स्वस्त असतो, आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

रेडिएटर किती घ्यायचा? १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागे शंभरेक वॉट, हा ढोबळ हिशेब शांत मशीनसाठी चालतो. ४०९० आणि मोठा प्रोसेसर मिळून साडेसहाशेच्या पुढे जातात. म्हणजे सहा पंखे, दोन ३६०चे रेडिएटर, आणि ते मावतील असं कॅबिनेट. एवढं घेतलं तरी पाणी खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी वर राहतं. नागपुरात ३८ची खोली असेल तर पाणी ५० गाठणार. पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या साठीच्या आसपास नरम पडू लागतात आणि लूपमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादाही साठच आहे. पंखे धुळीने भरले की पन्नास ते साठमधलं हे अंतर उरत नाही. म्हणून उष्ण गावांसाठी मी ईपीडीएम रबराची काळी नळी सुचवतो. फोटोत ती चमकत नाही, पण उन्हाळा निभावते.

किमती ढोबळ आहेत आणि बदलत राहतात. चांगला एअर कूलर चार-पाच हजारांत, ३६०चा एआयओ नऊ ते पंधरा हजारांत. सीपीयू आणि कार्ड दोन्हींचा लूप साठ हजारांपासून लाखापर्यंत. यात फिटिंग चोरपावलांनी पैसे खातात, कारण डझनभर तरी लागतात आणि एकेक पाचशे-हजाराची. कार्डाचा ब्लॉक तर त्या विशिष्ट सर्किट बोर्डासाठीच कापलेला असतो. दोन वर्षांनी कार्ड बदललं की तो निरुपयोगी. पंप, टाकी, रेडिएटर मात्र पुढच्या दोन-तीन मशीनना पुरतात. दर दोन वर्षांनी कार्ड बदलणाऱ्याने हा हिशेब नीट करावा.

राहिली देखभाल, जिच्यावर माझ्या मते निर्णय व्हायला हवा. एअर कूलरला ब्रश मारला की झालं. एआयओ सीलबंद असतो. वर्षानुवर्षे नळ्यांतून थोडं थोडं पाणी उडतं आणि पाच-सात वर्षांनी पूर्ण नग बदलावा लागतो. तो बसवताना पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका, नाहीतर हवा पंपात साठते आणि तो घरघरतो. लूप मात्र वर्षाकाठी एकदा उपसून, धुऊन, नव्याने भरायचा. नळाचं पाणी कधीच नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत बसेल. तयार कूलंट घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये शेवाळ आणि गंज रोखणारं औषध मिसळून वापरा. आणि तांबं-पितळेच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एकही भाग नको, कारण दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. स्वस्त रेडिएटर घेताना हे दुकानदाराला दोनदा विचारा.

तर, ७८००एक्स३डी आणि २०० वॉटचं आरटीएक्स ४०७० असेल, तर एअर कूलर घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या एसएसडीत घाला. ४०९० किंवा त्यावरचं कार्ड, रोज तासन्‌तास रेंडर, शांततेची खरी गरज, आणि वर्षातून एक रविवार द्यायची तयारी, हे चारही असेल तर लूप बांधा. त्याचं समाधान दुसऱ्या कशात नाही. मधल्या सगळ्यांना एआयओ.

बांधलात तर पहिल्या दिवशी मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवर केबल काढून ठेवा, एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) जंपर, म्हणजे तो मदरबोर्डाशिवाय सुरू करणारी जोडणी, लावून फक्त पंप चालवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवा आणि चोवीस तास थांबा. माझ्या पहिल्या लूपमध्ये सहाव्या तासाला कार्डाखालचा टिश्यू ओला झाला. फिटिंगमधली ओ-रिंग (रबराची कडी) वाकडी बसली होती. काढली, सरळ बसवली आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले.